कापड सुटेल की राहील

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गणित विभागाला खळीचा वास यायला लागतो. एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राचे प्रकल्प बांधून येतात ते याच दिवसांत. मरून रंगाचं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं, आत पहिल्याच पानावर प्रमाणपत्र आणि प्रमाणपत्राखाली माझ्या सहीसाठी सोडलेली जागा. बाहेर सोलापूरचं ऊन. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीची कडी दुपारी उघडायची तर पदरानं धरावी लागते. दार उघडं ठेवलं तर झळा येतात, लावून घेतलं तर जीव कोंडतो. मी बहुधा लावून घेते.

यंदाही ढीग आला आहे. वरचा प्रकल्प उघडला आणि पहिला परिच्छेद वाचता वाचता पुढचं वाक्य मला आधीच आठवलं. गेल्या वर्षी वाचलं होतं. त्याच्या आदल्या वर्षीही. मुलं एकमेकांना फाइल देतात, नावं बदलतात, बांधून आणतात. आम्हाला ते माहीत असतं, आणि आम्हाला माहीत आहे हे मुलांनाही माहीत असतं. सही होते. हा मोसम आला की मला माझ्याच खोलीत बसवत नाही, आणि उठून जायलाही जागा नसते.

पण या खळीच्या वासात एक उन्हाळा अडकलेला आहे. चार वर्षं झाली त्याला. त्या उन्हाळ्यापर्यंत मी कशी होते, ते आधी सांगायला हवं.

मी या विभागात लागले तेव्हा वर्गात शिकवण्यासाठी नोट्स काढल्या होत्या. सुंदर अक्षरात, प्रमेय लाल शाईत, सिद्धता निळ्या शाईत. पहिली दोन-तीन वर्षं त्या वहीत मी भर घालत होते. मग कधीतरी भर घालणं थांबलं आणि नुसतं वाचून दाखवणं राहिलं. कुठल्या ओळीवर थांबायचं, कुठे "हे सोपं आहे, घरी करून बघा" म्हणायचं, हे पाठ झालं. मुलांचा प्रश्न एकच असे, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?" आणि त्याचं उत्तर मला नेहमी माहीत असे. उत्तर माहीत असणं म्हणजेच शिकवणं, असं मी धरून चालले होते.

दुसरीकडे माझं संशोधन होतं. होतं म्हणजे एका कपाटात होतं. पीएच.डी.ला नाव नोंदवून बरीच वर्षं झाली होती. माझे मार्गदर्शक दुसऱ्या गावी. त्यांनी सांगितलेली वाट अशी की कुणाचं तरी प्रमेय घ्यायचं, त्यातली एक अट थोडी सैल करायची आणि त्याच पावलांनी पुन्हा सिद्धता लिहायची. शोधनिबंध होतो. बढतीसाठी तेवढे लागतात. मी ते करत होते, पण त्यातलं एकही वाक्य मला कधी वर्गात सांगावंसं वाटलं नाही, आणि वर्गातल्या एकाही तासानं मला त्या कपाटाची आठवण करून दिली नाही. सकाळी मी एक बाई असायचे, दुपारी दुसरी. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

लहानपणी मी अशी नव्हते. सातवीत असताना फरशीच्या चौकोनांवरून पाय न उचलता कशा कशा रेषा काढता येतील, यावर मी अख्खी सुट्टी घालवली होती. ती मुलगी नेमकी कुठल्या वर्षी निघून गेली, ते मला सांगता येत नाही.

तर, त्या वर्षी शेवटच्या सत्राला संशोधन प्रकल्प सक्तीचा झाला. अध्यापन आणि संशोधन यांची सांगड घालायची, असं वरून आलेल्या कागदावर लिहिलं होतं. विभागप्रमुख सरांनी एका दुपारी बसून विषयांची यादी केली आणि प्रत्येक विषयापुढे अपेक्षित निष्कर्षही लिहून टाकला. सांगड झाली. मुलांनी रांगेनं येऊन विषय घेतले.

श्रीलता सगळ्यांत शेवटी आली. वर्गात ती तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायची. बोलायची कमी, लिहायची भरभर. घर पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. घरी तेलुगू, बाहेर मराठी. एवढंच मला तिच्याबद्दल माहीत होतं.

"तुझा विषय?" मी विचारलं.

"यादीतले संपले मॅडम."

"संपले कसे? हे शेवटचे दोन आहेत की."

"त्यांच्या तयार फाइली मिळतात म्हणं, दुसऱ्या कॉलेजातल्या. मला तसलं नको."

"मग कसलं हवंय?"

तिनं पिशवीतून घडी घातलेला आलेख कागद काढला. घड्यांवर तो पार विरला होता. त्यावर पेन्सिलीनं काही चौकोन काळे केलेले होते. ती उभ्याउभ्याच सांगायला लागली. तिचे वडील, नाना, टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करतात. कापडावर जी नक्षी यायची ती आधी अशा कागदावर काढतात. काळा चौकोन म्हणजे तिथं उभा धागा वर, पांढरा म्हणजे आडवा धागा वर. बारावीच्या सुट्टीत तिनं स्वतःच्या डोक्यानं एक नक्षी काढली. वडिलांनी हौसेनं ती नमुन्याच्या मागावर वीतभर विणून बघितली.

"मागावरून काढलं तर कापड सुटलं मॅडम. म्हणजे फाटलं नाही. दोन थर झाले, वरचा वेगळा, खालचा वेगळा. कडांना नुसतं जोडलेलं. पिशवी झाली. नानांनी आत हात घातला आणि हसले."

"मग?"

"मला हसू आलं नाही. एक सबंध ओळ पांढरी असली तर तो धागा सुटतो, ते मला कळतंय. पण माझ्या नक्षीत तशी एकही ओळ नव्हती. तरी सुटलं. तेव्हापासनं शोधतेय. विणायच्या आधी, नुसता कागद बघून कळेल का मॅडम, कापड सुटेल की राहील?"

मला उत्तर माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला कुतूहल वाटलं नाही, भीती वाटली. मी म्हणाले, "हे वस्त्रोद्योगवाल्यांचं झालं. आपल्या गणितात बसायचं नाही."

"बसतंय की मॅडम," ती हळूच म्हणाली. "शून्य आणि एकची मॅट्रिक्स आहे ही."

खरंच होती. मी तो कागद विभागप्रमुख सरांकडे नेला. ते चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी चष्मा वर करून कागद नीट बघितला.

"निष्कर्ष काय येणार?"

"माहीत नाही सर."

"मग रूपरेषेत काय लिहिणार? आणि मॅडम, तुम्हालाच उत्तर माहीत नसेल तर तुम्ही मार्गदर्शन कसलं करणार?"

त्यांनी ते टोचून विचारलं नव्हतं. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. अखेर रूपरेषेवर ‘द्विमूल्यी सारण्या व त्यांची उपयोजने’ असं एक भारदस्त नाव लिहिलं, निष्कर्षाच्या जागी गोलमोल दोन ओळी लिहिल्या, आणि विषय मंजूर झाला.

गुरुवारी दुपारी बारा नंबरचा वर्ग रिकामा असायचा. फेब्रुवारीपासून आम्ही दोघी तिथं बसायला लागलो. पहिल्या गुरुवारी मी सवयीनं फळ्यापाशी उभी राहिले, खडू हातात घेतला आणि मला लिहायला काहीच नव्हतं. नोट्सची वही नसताना वर्गात उभं राहण्याची माझी ती पहिलीच वेळ. श्रीलता बाकावरून माझ्याकडे बघत होती. मग तीच उठून आली, दुसरा खडू घेतला आणि म्हणाली, "लहान घेऊ या का मॅडम? चार उभे, चार आडवे."

आम्ही लहान घेतलं. चार बाय चारच्या चौकटी काढायच्या, काळ्या-पांढऱ्या करायच्या आणि सुटतं का ते बघायचं. तास संपला तेव्हा सबंध फळा चौकोनांनी भरला होता, आणि त्या तासाभरात मी घड्याळ बघितलं नव्हतं. पुढच्या तासाचे शिक्षक दारात येऊन थांबले, फळ्याकडे बघून म्हणाले, "काय मॅडम, शब्दकोडं का?" मी घाईघाईनं फळा पुसला. चोरी पकडली गेल्यासारखी.

चौकटी मोठ्या केल्यावर घोटाळा झाला. कुठले धागे वरच्या थरात असतील, कुठले खालच्या, याच्या शक्यता इतक्या की एकेक तपासायची म्हटलं तर आयुष्य पुरायचं नाही. तीन गुरुवार आम्ही तिथंच अडलो. तेव्हा श्रीलता म्हणाली, "घरी येता का मॅडम? डोळ्यानं बघितलं तर काही सुचेल."

मी सोलापुरात जन्मले, वाढले, आणि पूर्व भागातल्या त्या गल्लीत तोवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. गल्लीच्या तोंडापासूनच मागांची खडखड सुरू होते. ती कानांत जाते म्हणण्यापेक्षा पायातून वर चढते. श्रीलताचे वडील पाळी संपवून आले होते, दंडावर सुताची पिसं चिकटलेली. त्यांनी तो वीतभर नमुना जपून ठेवला होता. माझ्यापुढे धरला.

"हात घाला मॅडम हितं. घाला की."

मी घातला. दोन्ही बाजूंनी कापड, मधे माझा हात.

"आमी मुद्दाम पण करतो असलं," ते म्हणाले. "दुहेरी कापड. दोन थर वेगळे विणायचे आणि नक्षी जिथं बदलती तिथं वरचा खाली, खालचा वर करायचा. मग सुटत न्हाय. हिनं तेवढंच केलं न्हाय." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "याचं बी गणित असतंय का ओ?"

"असणार," मी म्हणाले. "पण मला अजून माहीत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. कॉलेजातली मॅडम ‘माहीत नाही’ म्हणते, याचं त्यांना नवल वाटलं असावं. मलाही वाटलं. श्रीलताच्या आईनं चहा आणला. त्या तेलुगूत काहीतरी म्हणाल्या आणि श्रीलता लाजली. मी विचारलं तर तिनं आधी सांगितलं नाही. मग म्हणाली, "आई म्हणते, तुम्ही पण माझ्याच वर्गात आहात का."

मार्चच्या शेवटी ऊन चढलं. त्या गुरुवारी श्रीलता वर्गात आली तीच फळ्याकडे गेली. बाहेरून धावत आल्यामुळे तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"मॅडम, चौकोन बघायचेच नाहीत. नुसते मोजायचे."

तिनं मला जे सांगितलं ते इतकं साधं होतं की इथंही सांगता येईल. वरचा थर सुटा निघायचा असेल तर त्यातला प्रत्येक आडवा धागा खालच्या सगळ्या उभ्या धाग्यांच्या वरून गेलेला असला पाहिजे. म्हणजे त्याच्या ओळीत पांढरे चौकोन जास्त. आणि वरच्या थरातला प्रत्येक उभा धागा खालच्या सगळ्या आडव्यांच्या वरून. म्हणजे त्याच्या ओळीत पांढरे कमी. मग सगळ्या शक्यता धुंडाळायच्याच कशाला? प्रत्येक ओळीतले पांढरे मोजा. सगळ्यांत जास्त पांढऱ्या आडव्या ओळी, एक, दोन, तीन अशा वाढवत, एका बाजूला घ्या, सगळ्यांत कमी पांढऱ्या उभ्या ओळी दुसऱ्या बाजूला. एका बेरजेतून दुसरी वजा करा. थर सुटे व्हायचे तर ती वजाबाकी किती यायला हवी, ते आधीच सांगता येतं. तेवढी आली तर कापड सुटलं. एकदाही आली नाही तर राहिलं.

मी तिला खोटं पाडायला बसले. मुद्दाम वेड्यावाकड्या चौकटी दिल्या. तिनं मोजून सांगायचं, मी धागा न् धागा तपासायचा. प्रत्येक वेळी ती बरोबर. मग मी म्हणाले, "नेहमीच बरोबर येईल कशावरून?" आणि तिनं ते सिद्ध केलं. मधे एकदा अडखळली, मी एक पायरी सुचवली, तिनं ती पुसली आणि स्वतःची लिहिली. तिची जास्त चांगली होती. शेवटची ओळ लिहून ती मागे सरकली. मला रडू येईल की काय असं झालं. त्या क्षणी मी शिकवत होते की शिकत होते, संशोधन चाललं होतं की तास, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

हे एवढंच सांगून थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याच आनंदाच्या आत, पाच मिनिटांत, दुसरा विचार आला. हा शोधनिबंध आहे. खरा, सैल केलेल्या अटीचा नव्हे. त्या शनिवार-रविवारी मी तो टंकून काढला. वर नावं लिहायची वेळ आली तेव्हा मी माझं नाव पहिलं लिहिलं आणि श्रीलताचं दुसरं. मार्गदर्शकाचं नाव पहिलंच असतं, सगळीकडे असतं, असं स्वतःला सांगितलं. तिला विचारलं नाही. छापलेली प्रत टेबलावर ठेवली आणि वरून एक फाइल ठेवली.

संदर्भसूची करायला बसले तेव्हा सापडलं. कुणा परदेशी गणितज्ञाचा जुना, थोडक्या पानांचा निबंध. श्रीलताच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. तोच प्रश्न, तीच मोजणी, तीच वजाबाकी. मी तो दोनदा वाचला. मग, हेही लिहिते, थोडं सुटल्यासारखं वाटलं, कारण आता त्या नावांच्या क्रमाचा प्रश्नच उरला नव्हता. आणि असं सुटल्यासारखं वाटलं याची लाज वाटली.

श्रीलताला सांगायला मला दोन दिवस लागले. निबंध तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "हे आधीच झालेलं आहे गं."

तिनं पानं उलटली. चिन्हं वेगळी होती, तिला जरा वेळ लागला. मग तिचा चेहरा उजळत गेला.

"म्हणजे माझं बरोबर आहे ना मॅडम?"

मी मान डोलावली.

"कुठला कोण माणूस. त्यानं पण हेच मोजलं!" ती त्या पानावरून बोट फिरवत राहिली, लांबच्या नातेवाइकाचं पत्र आल्यासारखी.

तोंडी परीक्षा एप्रिलच्या शेवटी झाली. बाहेरून परीक्षक आले होते. खोलीत विभागप्रमुख सर, परीक्षक आणि मी, आणि समोर एकेक विद्यार्थी. इतरांचे प्रकल्प जाडजूड होते. प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली. श्रीलताचा प्रकल्प सगळ्यांत बारीक. परीक्षकांनी तो चाळला, शेवटची सूची पाहिली.

"हा संदर्भ तुम्हीच जोडलाय. म्हणजे हे आधीच सिद्ध झालेलं आहे."

"हो सर. पण आम्हाला नंतर कळलं," श्रीलता म्हणाली.

"नंतर? साहित्याचा आढावा आधी घ्यायचा असतो. मग यात तुमचं नवीन काय?"

श्रीलतानं माझ्याकडे बघितलं.

मला बोलायचं होतं. हा प्रश्न हिनं आणला, उत्तर हिनं शोधलं, बाकीचे सगळे प्रकल्प कुठून आले ते आपल्या तिघांनाही ठाऊक आहे, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण तिघांनाही ठाऊक आहे म्हटलं असतं तर त्या प्रत्येक प्रमाणपत्रावरच्या माझ्या सहीचं काय? पीएच.डी.चा प्रबंध त्याच मंडळींपुढे कधीतरी जायचा होता, त्याचं काय? मी माझ्याच सह्यांच्या आत कोंडले गेले होते. मी एवढंच म्हणाले, "सर, संदर्भ नीट दिलेला आहे."

श्रीलतानं मान खाली घातली. तिला त्या ढिगातले सगळ्यांत कमी गुण मिळाले. पुढे जिथं शिकायला जायचं तिच्या मनात होतं, तिथल्या अर्जाला लागणारी टक्केवारी तेवढ्यानं हुकली. मे महिन्यात ती मार्कलिस्ट घेऊन आली, पेढे घेऊन आली, नेहमीसारखी वाकून नमस्कार करून गेली. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

नंतर कळलं, सात रस्ता चौकाजवळच्या एका शिकवणी वर्गात ती प्रवेशपरीक्षांचं गणित शिकवते. मी त्या रस्त्यानं जायचं टाळत असे. माझे दोन निबंध सैल केलेल्या अटींवर छापून आले. पीएच.डी. झाली. अभिनंदनाचा छोटा समारंभ झाला. मी पुन्हा नोट्सची वही उघडली.

यंदा गुढीपाडव्यानंतर एका दुपारी विभागाच्या दारावर टकटक झाली. श्रीलता होती. जराशी वाळली होती, आवाजाला शिकवणाऱ्या माणसाचा खरखरीतपणा आला होता.

"एका संस्थेत अर्ज करतेय मॅडम. संशोधनासाठी. तिथं टक्क्यांची अट नाही. स्वतः सोडवलेल्या एका प्रश्नाबद्दल लिहा म्हणालेत. मी कापडाचं लिहिलंय. आधीच झालेलं आहे हे पण लिहिलंय. तुमचं शिफारसपत्र हवं होतं."

मी तिला बसायला सांगितलं. आणि मग, काही न ठरवता, माझ्या तोंडून ते निघून गेलं. तो निबंध मी टंकला होता. माझं नाव पहिलं घातलं होतं. तुला विचारलं नव्हतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुमच्या टेबलावर वही ठेवायला आले होते तेव्हा फाइल सरकली. बघितलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? मला आनंदच झाला होता मॅडम. माझं नाव टाइप केलेलं, गणिताच्या वर. दुसरं तर दुसरं." ती थोडं हसली. मग हसू गेलं. "तोंडी परीक्षेला मात्र वाईट वाटलं. तुम्ही त्या दिवशी माझ्या बाजूनं काहीच बोलला नाहीत. वर्गात मुलांना आता ‘असंच का?’ विचारायला वेळ नसतो, चाळीस सेकंदांत पर्याय निवडायचा असतो. शिकवताना मला तुमचे ते गुरुवार आठवतात, आणि मग तो दिवस पण आठवतो. दोन्ही बरोबरच येतात."

ती गेल्यावर मी पत्र लिहायला बसले. अर्जात ठरावीक रकाने होते. ‘या विद्यार्थ्याला आपण कोणते विषय शिकवले?’ ते भरलं. ‘या विद्यार्थ्याच्या संशोधनातील आपला वाटा’ असा पुढचा रकाना होता. त्यात मी लिहिलं: प्रश्न तिचा होता. उत्तर तिनं शोधलं. मला ते माहीत नव्हतं. एक पायरी मी सुचवली होती, तिनं ती पुसून जास्त चांगली लिहिली. हे मी तिच्या तोंडी परीक्षेत सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

मुलाखत ऑनलाइन झाली. संपल्या संपल्या तिचा फोन आला. "मॅडम, त्यांनी माझ्याशी वाद घातला! एक सर म्हणत होते, तिरके धागे पण घेतले तर तुझी मोजणी मोडेल. मी म्हटलं, बघू या. अर्धा तास नुसतं तेच." आवाज पुन्हा तसाच झाला होता, धावत वर्गात आलेल्या मुलीचा. निवड झाली आहे. जुलैत जाईल. वडील मला भेटायला आले होते. टॉवेलांचा एक जोड ठेवून गेले, आणि ‘नको’ म्हणायची संधीही दिली नाही.

ती जाईल. मी इथंच आहे. काल आमची यंदाची तोंडी परीक्षा सुरू झाली. तीच खोली, तेच टेबल, नवे परीक्षक, तेच विभागप्रमुख सर. पहिली विद्यार्थिनी सानिया. मोहोळहून रोज एसटीनं येते. तिनं मरून बांधणीचा प्रकल्प माझ्यापुढे ठेवला आणि पाठ केलेली प्रस्तावना म्हणायला सुरुवात केली. मी तिला मधेच थांबवलं.

"सानिया, यातलं तुला काय कळलं नाही, ते सांग."

ती घाबरली. तिनं परीक्षकांकडे बघितलं, सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "मॅडम, वेळ कमी आहे." मी म्हणाले, "घेऊ या सर थोडा." मग सानियानं पानं उलटली, एकतिसाव्या पानावर आली आणि एका ओळीखाली बोट ठेवलं.

"ही ओळ मॅडम. वरच्या ओळीवरून ही कशी आली, मला कधीच कळलं नाही. मैत्रिणींना विचारलं, त्यांना पण नाही. सगळ्यांच्या फाइलीत अशीच आहे."

मी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. वरच्या ओळीवरून ती येतच नव्हती. कुणीतरी केव्हातरी उतरवून घेताना चूक केली होती, आणि ती चूक फाइलीतून फाइलीत, बांधणीतून बांधणीत, माझ्या सहीनिशी वर्षानुवर्षं पुढे जात आली होती. मी एकदाही ती वाचली नव्हती.

"मला पण कळत नाहीये," मी म्हणाले. परीक्षकांनी मान वर केली. मी खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून सानियाच्या बाजूला नेली आणि तिच्याकडे कोरा कागद सरकवला.